मधलं गाव

राऊळसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या पलंगावर आडवे झाले होते.

मी नाशिकहून नुकतीच दुबईत उतरले होते. जबल अलीतल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एचआरमध्ये नोकरी, आणि राहायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या स्टाफ बिल्डिंगमध्ये खोली. बॅग ओढत मी दारात पोचले तर दाराबाहेर एक बुटांची जोडी नीट लावून ठेवलेली. आत पन्नाशी उलटलेला, टाय लावलेला एक गृहस्थ चादरीवर सरळ पडून छताकडे बघत होता, हात पोटावर जुळवलेले. मी दचकून मागे सरले. माझ्या मागून दुसरी बॅग घेऊन येणारा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मॅडम, रूमवाले साब हैं. दो मिनट रुकिए."

साहेबांनी न बघताच एक बोट वर केलं. गप्प राहा, अशी खूण. मग उठले, चादर हाताने सारखी केली, बूट घातले आणि विचारलं, "नाव?"

"मेघना."

"मराठी? बरं झालं. ऐक, ही खोली तुला नको. या भिंतीपलीकडे लिफ्टचं मशीन आहे. आज कळणार नाही. आठवड्याभराने तुला माणसांचा राग यायला लागेल आणि तुला वाटेल, कामाचा ताण आहे."

मी म्हटलं, मला आवाज येत नाहीये. खोली मोठी होती, आरसाही होता, मला ती आवडली होती. पण ते तोवर ड्रायव्हरला बॅग उचलायला सांगून कॉरिडॉरच्या टोकाच्या लहान खोलीकडे चालू लागले होते. मला कुणी विचारलं नव्हतं. ती मोठी खोली पुढे अकाउंट्समधल्या एका फिलिपिनो मुलीला मिळाली. कानात बोळे घालून झोपते म्हणून तिची सगळे थट्टा करायचे. मी मात्र माझ्या लहान खोलीत ढाराढूर झोपायचे. राऊळसाहेबांचं हेच अवघड होतं. ते न विचारता ठरवायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवायचे.

ते आमचे अकोमोडेशन मॅनेजर. कंपनीची हजारो माणसं जबल अलीच्या आणि इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या कॅम्पांत राहायची. त्यातला कोण कुठल्या इमारतीत, कुठल्या खोलीत, वरच्या पलंगावर की खालच्या, हे साहेब ठरवायचे. सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. जागा देण्याआधी स्वतः आडवं होऊन बघायचं, ही त्यांची रीत. एसीचं पाणी कुठे ठिबकतं ते हात धरून बघत, दिवा बंद करून दाराखालून किती उजेड येतो ते बघत, बाथरूममध्ये जाऊन नुसता वास घेत. म्हणत, "माणूस दिवसभर कुठेही उभा राहील गो. पण आडवा कुठे होतो, त्यावर त्याचं डोकं चालतं."

कुणाकडे गणपतीला गेले तरी हेच. आरती झाली की साहेब गायब. यजमानीण शोधत जायची तर हे तिच्या बेडरूममध्ये पलंग भिंतीपासून किती लांब आहे ते बघत उभे. सुनंदाकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओशाळून म्हणायच्या, "लोक देवाचं मखर बघतात, आमचे हे पलंग बघतात." सगळे हसायचे. काकीही हसायच्या.

दोघेही वेंगुर्ल्याकडचे. बाहेर प्रमाण मराठी बोलत, आतून काही हललं की मालवणी यायची. काकी बारीक, चटपटीत, माशाची आमटी अशी करायच्या की इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या त्या धुळकट इमारतीत समुद्र आल्यासारखं वाटायचं. मला एकटी मुलगी म्हणून त्यांनी शुक्रवारचं जेवण लावून टाकलं होतं. भाकरी थापता थापता एकदा सहज म्हणाल्या होत्या, "दुबईतलं सातवा, मग करामा, मग शारजा, मग इथे. किती घरं झाली असतील. एकही घर मी घेण्याआधी बघितलेलं नाही. सामान पोचलं की मी पोचायची."

"तुम्हाला राग नाही यायचा?"

"घरं चांगली असायची ना. राग कशाचा करणार?"

राऊळसाहेबांचे नियम पक्के होते. नवा माणूस दाराजवळ नको. घोरणारे सगळे एकत्र. आणि सगळ्यात मोठा नियम, रक्ताचे दोघे एका खोलीत नाहीत. बापलेक, भाऊभाऊ, मामाभाचे, कुणीही. त्यांचं म्हणणं, गावाकडून वाईट बातमी आली की दोघेही एकदम कोसळतात, आणि मग खोलीत सावरायला परकं कुणी उरत नाही. परक्या माणसाच्या आधाराची किंमत घरच्यापेक्षा जास्त असते, असं ते म्हणायचे. ऐकायला पटायचं.

उत्तर प्रदेशातले दोन भाऊ आले. मोठा सुतार, धाकटा सळया बांधणारा. धाकट्याला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे मोठा जबल अलीला, धाकटा इन्व्हेस्टमेंट्स पार्कला. मोठा भाऊ कामावरून सुटला की साहेबांच्या ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहायचा. "साब, छोटा है. कभी अकेला सोया नहीं."

साहेब वर न बघता म्हणायचे, "आदत हो जाएगी. सबको हो जाती है."

उन्हाळ्यात एका सकाळी धाकटा उठलाच नाही. खोलीतल्यांना वाटलं, झोपू दे थोडा. बस सुटायची वेळ झाली तेव्हा एकाने हलवून पाहिलं. हृदय बंद पडलं होतं, झोपेतच. आजार नाही, तक्रार नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी.

मोठ्या भावाला साइटवरून ऑफिसात आणलं तेव्हा मी तिथे होते. कागदांची कामं माझ्याकडे होती. मला वाटलं, हा आता साहेबांच्या अंगावर धावून जाणार. पण तो खुर्चीवर बसला, हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि साहेबांना विचारलं, "साब, वो ऊपर सोता था या नीचे?"

"ऊपर," साहेब म्हणाले.

"पंखे की तरफ सर था?"

"नहीं. खिड़की की तरफ."

त्याने मान हलवली, जणू एवढंच हवं होतं. शव घेऊन तो गावी गेला, परत आला नाही. त्या खोलीतला वरचा खिडकीकडचा पलंग साहेबांनी नंतर कुणालाही दिला नाही. कॅम्प भरून वाहत असतानाही नाही, आणि कुणी विचारायचं धाडसही केलं नाही. पण नियम त्यांनी बदलला नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "एका माणसासाठी नियम मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं?" आवाज चढलेला नव्हता. पुढे बोलायला काही जागाच ठेवली नव्हती.

काकींचं दुखणं डब्याच्या झाकणापासून सुरू झालं. उघडेना. मग सपाता पायातून सुटून मागे राहायला लागल्या, आणि त्यांना चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं. अबुधाबीला मुलगी, ऋचा, बँकेत नोकरीला होती. तिने तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. शिरांचं काहीतरी निघालं. स्नायू हळूहळू सोडून देत जातात, आधी हातपाय, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. डॉक्टरांनी ऋचाला बाजूला घेऊन सांगितलं, कुठे जायचं असेल तर आताच जा.

ऋचा इथेच वाढलेली. मराठी कळायचं सगळं, उत्तर इंग्रजीत. तिने आईला सरळ विचारलं, "आई, व्हेअर डू यू वॉन्ट टु गो?" आम्हाला वाटलं, काकी वेंगुर्ला म्हणतील. त्या म्हणाल्या, "इटली."

फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही होता, आवाज बंद करून ठेवलेला. काकींचे पाय तिथली मुलगी वरखाली करायची तेव्हा त्या टीव्ही बघायच्या. त्यात एकदा कड्याला चिकटलेली पाच गावं दिसली. रंगीबेरंगी घरं, खाली समुद्र, गावागावातून जाणारी छोटी आगगाडी. "आमच्याकडे समुद्र आहे," काकी मला म्हणाल्या, "पण घरं अशी त्याच्या अंगावर रेललेली नाहीत. त्यांना भीती कशी वाटत नाही, ते बघायचंय."

साहेबांच्या रिटायरमेंटला थोडाच अवधी होता. रजा मिळाली. व्हिसासाठी कंपनीचं पत्र मी द्यायचं होतं, म्हणून एका शुक्रवारी जेवणानंतर त्यांच्या हॉलमध्ये ठरवाठरवीला मीही होते. ऋचाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. इटालियन नावं आमच्या कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून काकींनीच पाचही गावांना आपली नावं दिली. बोगद्याचं गाव, खडकाचं गाव, मधलं गाव, बंदराचं गाव आणि वाळूचं गाव. आगगाडी याच क्रमाने थांबायची.

ऋचाला बंदराचं गाव हवं होतं. तिथे रेस्टॉरंट्स होती, फोटो सुंदर यायचे. साहेबांनी दोन फोटो बघितले आणि म्हणाले, "वाळूचं. बाकी सगळीकडे चढ आहेत. हे एकटं सपाट आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की समुद्र. व्हीलचेअर जाते."

"मधलं," काकी म्हणाल्या.

मधलं गाव या पाचांत एकटंच समुद्राला लागून नव्हतं. कड्याच्या माथ्यावर बसलेलं. स्टेशन खाली, गाव वर, मध्ये नागमोडी पायऱ्याच पायऱ्या.

"तुला दिसतायत ना पायऱ्या?" साहेब म्हणाले.

"बस आहे. स्टेशनापासून वरपर्यंत. ऋचाने दाखवलीय मला."

"देअर इज अ शटल, पापा. आय चेक्ड."

"डोंगरातल्या बसवर भरवसा ठेवून जायचं नसतं. एक दिवस आली नाही तर? ड्रायव्हर संपावर गेला तर? हिला खाली उतरवणार कोण?"

"कशाला उतरायचंय रोज?" काकी शांतपणे म्हणाल्या. तेव्हा त्यांची जीभ थोडी जड व्हायला लागली होती, शब्द एकेक करून यायचे. "बाकीची चार गावं समुद्राजवळ गेलीयत. हे वर बसून सगळ्यांना बघतंय. मला तिथे खिडकीत बसायचंय. सकाळी उठून तिथेच असायचंय."

"सुनंदा, मी माणसांना जागा देतो. मला यातलं कळतं."

काकींनी टीव्हीवरची नजर त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी कुठे झोपायचं ते तुम्ही ठरवलंत. एकदाही नाही म्हटलं नाही. एवढं एक मला ठरवू द्या."

ऋचा लॅपटॉपकडे बघत बसली. मी खरकटी भांडी उचलायला उठले. साहेबांनी बराच वेळ टीव्हीवरच्या त्या गावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

काकींना तो होकार वाटला. मलाही वाटला. ऋचाने त्याच बैठकीत मधल्या गावातली खोली घेतली, खिडकीचा फोटो आईला मोठा करून दाखवला. पुढचे काही आठवडे काकी तो फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. गावाचं खरं इटालियन नाव त्यांनी पाठ करून घेतलं होतं. फिजिओच्या मुलीलाही म्हणून दाखवायच्या.

नंतर काय झालं ते ऋचाने मला सांगितलं. साहेबांनी तिला ऑफिसातून फोन केला आणि मधल्या गावातली खोली रद्द करून वाळूच्या गावात घ्यायला लावली. बाथरूममध्ये धरायला दांडा हवा, पलंगाची उंची अमुक हवी, सगळं सांगून. आईला मी सांगतो, तू काही बोलू नकोस, म्हणाले. ऋचा मला म्हणाली, "ही सेड ही वुड टेल हर. आय बिलीव्ड हिम." तिला वाटलं, आईवडिलांचं आपापसात झालं असेल.

ते आगगाडीत बसले. बोगद्याचं गाव गेलं, खडकाचं गेलं. बोगदा, क्षणभर समुद्र, पुन्हा बोगदा. मग गाडी थांबली आणि काकींनी पाटी वाचली. पाठ केलेलं नाव समोर लिहिलेलं. त्यांनी सीटच्या कडेला हात रोवून उठायचा प्रयत्न केला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस. अजून पुढे आहे."

ऋचा म्हणाली, आईने वर पापांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बसली. दार बंद झालं.

हे मला साहेबांनीही सांगितलं, त्यांच्या पद्धतीने. परत आल्यावर एकदा कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर ट्रे घेऊन बसले. आधी खोलीचं वर्णन केलं. खोली उत्तम होती. दांडा होता. पलंग मऊही नाही, कडकही नाही. त्यांनी पोचल्याबरोबर आडवं होऊन पाहिलं होतं. खिडकीतून वाळू, छत्र्या, समुद्र सगळं दिसत होतं.

"आणि काकी?"

"ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी म्हटलं, कूस बदलून देऊ का? म्हणाली, नको, बरं आहे." त्यांनी भातात चमचा घातला आणि तसाच ठेवला. "भांडली नाही. जेवली, औषधं घेतली. ऋचाने छत्रीखाली नेऊन बसवलं तर बसली. पण मेघना, तिने समुद्राकडे बघितलं नाही. इतक्या लांब जाऊन."

एका सकाळी फळं आणायला जातो सांगून ते एकटेच आगगाडीने मधल्या गावाला गेले. स्टेशनाबाहेर आले तर एक लहानशी बस उभी होती. पिशव्या घेतलेल्या तीनचार म्हाताऱ्या आत बसलेल्या. एकीला चढता येईना तर ड्रायव्हर उतरून खाली आला, तिला हात दिला, तिची पिशवी सीटवर ठेवली, ती बसेपर्यंत थांबला आणि मग गाडी सुरू केली. साहेबही बसले. वर गेले. गाव लहान होतं, गल्ल्या सावलीच्या. ऋचाने घेतलेली आणि त्यांनी रद्द करायला लावलेली खोली त्यांनी शोधून काढली. कुणीतरी दुसरं उतरलं होतं तिथे, खिडकीत टॉवेल वाळत होता. ते खालून बघत उभे राहिले.

"दारापर्यंत एक पायरी नव्हती," ते म्हणाले. "बस जिथे थांबते तिथून सपाट."

मी म्हटलं, "मग दुसऱ्या दिवशी न्यायचंत ना त्यांना. निदान बघायला."

"विचारलं गो. तिला म्हटलं, चल, बस आहे, तू म्हणत होतीस तशीच. वर जाऊन येऊ." मग ते तिचे शब्द तिच्या बोलीत बोलले. "ती म्हणाली, माका बघूचा नव्हता. थंय रवाचा होता."

मी नाशिकची, पण एवढी मालवणी मलाही कळली. बघायचं नव्हतं, तिथे राहायचं होतं.

कॅन्टीनमध्ये पाळी बदलायची वेळ होती. आमच्या टेबलावर अजून दोघे येऊन बसले. साहेबांनी त्यांच्यासाठी ट्रे सरकवला, आणि पुन्हा तो विषय त्यांनी माझ्याजवळ कधीच काढला नाही.

काकी त्यानंतर वर्षभर होत्या. ते वर्ष राऊळसाहेबांनी ज्या प्रकारे काढलं, त्याबद्दल त्यांना नावं ठेवणारा माणूस मला भेटला नाही. रिटायर झाले, व्हिसा थोडा वाढवून घेतला, आणि दोघे अबुधाबीला ऋचाकडे राहायला गेले. काकींना अंघोळ तेच घालायचे. भरवायचे. अंगाला जखम होऊ नये म्हणून ठराविक वेळाने कूस बदलायचे. नर्स ठेवली होती, ती म्हणायची, सर मला शिकवतात. खोलीतला पलंग त्यांनी अशा कोनात लावला होता की काकींना पडल्यापडल्या दारही दिसावं आणि आकाशही. काकी सगळं करू द्यायच्या. कशाला नाही म्हणायच्या नाहीत. त्यांचा चेहरा शांत असायचा, आणि ती शांतता मला बघवायची नाही.

एकदा मी गेले तेव्हा साहेब औषधांसाठी खाली गेले होते. काकींचं बोलणं तोवर फार अवघड झालं होतं, पण मला बसायला खूण केली. मी हात हातात घेतला. इकडचं तिकडचं बोलले, ऑफिसचं, माझ्या लग्नाचं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि एक वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागत होता की मी मध्ये शब्द सुचवायला गेले तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं.

"त्यांना वाटतं, मी रागावले. राग नाही." थांबल्या. श्वास घेतला. "मला वाटत होतं, आम्ही जातोय. ते मला नेत होते."

मी म्हटलं, "काकी, त्यांना काळजी वाटत होती."

"होय तर," त्या म्हणाल्या. "काळजीच."

तेवढ्यात लॅचचा आवाज आला. साहेब आत आले, हातात औषधांची पिशवी. काकींच्या हनुवटीवर आलेली लाळ त्यांनी रुमालाने टिपली आणि मला विचारलं, "चहा घेतलास?" काकींनी डोळे मिटून घेतले.

त्या हॉस्पिटलमध्येच वारल्या, भरदिवसा, ऋचा ऑफिसातून निघून रस्त्यात असताना. अबुधाबीतच सगळं उरकलं. वेंगुर्ल्याहून काकींचे भाऊ आले होते, तेही लगेच परत गेले. साहेब रडले नाहीत असं ऋचा म्हणाली. हॉस्पिटलमधून आल्यावर त्यांनी काकींचा पलंग सुटा केला, त्याचे भाग भिंतीला उभे लावले आणि दुपारभर बाल्कनीत बसून राहिले. ऋचा कॉफी घेऊन गेली तर तिला म्हणाले, "तिने मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती."

मला ते शेवटचे दिसले ते जबल अलीच्या ऑफिसात. काही जुन्या कागदांवर सही राहिली होती आणि कंपनीचं ओळखपत्र जमा करायचं होतं. ऋचाने गाडीतून आणलं होतं. रिसेप्शनवर नवी मुलगी होती, तिने त्यांना व्हिजिटरचा बिल्ला दिला. त्यांनी तो शर्टाला लावला. खूप बारीक झाले होते. टाय नव्हता. त्यांच्या जागी आलेला मॅनेजर तरुण होता, केरळचा, चांगला मुलगा. त्याने आदराने उठून खुर्ची दिली आणि स्क्रीनवर दाखवलं, आता कॅम्पातले पलंग कॉम्प्युटर वाटतो, सर, एका क्लिकवर. साहेबांनी वाकून पाहिलं. "छान," म्हणाले. तो म्हणाला, फक्त एक अडचण आहे सर, एका खोलीतला एक पलंग सिस्टीममध्ये ब्लॉक दाखवतोय, कारण काही लिहिलेलं नाही. उघडू का?

साहेब म्हणाले, "उघडा. खलास झालं ते."

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. उन्हं उतरली होती तरी हवा भट्टीसारखी होती. मी विचारलं, "आता वेंगुर्ल्याला?"

"ऋचा बघतेय. वेंगुर्ल्याला भाऊ आहे, पुण्यात एक ज्येष्ठांची सोसायटी आहे. तिने विचारलं, कुठे बरं वाटेल? मी म्हटलं, मला कुठेही चालेल." जरा थांबून म्हणाले, "तिला वाटलं, मी रुसलो."

"आणि?"

"रुसलो नाही गो. मला खरंच कळत नाही."

असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तब्येतीला जपा, फोन करा, असलं काहीतरी म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आधी कधी ठेवला नव्हता.

ऋचा गाडी चालू ठेवून बसली होती, एसीसाठी. तिने आतून वाकून पुढचं दार उघडलं. "पापा, कम, सिट इन फ्रंट. इट्स कूलर हिअर."

साहेब त्या उघड्या दारापाशी क्षणभर थांबले. मग त्यांनी ते हळूच लावून घेतलं, मागचं दार उघडलं आणि मागे बसले. उजवीकडे, खिडकीशी. दुखणं वाढल्यापासून काकी तिथे बसायच्या, पाय लांब करता यावेत म्हणून. ऋचाने आरशातून पाहिलं.

गेटमधून त्याच वेळी साइटवरच्या बस एकापाठोपाठ आत येत होत्या, म्हणून वॉचमनने त्यांची गाडी अडवून ठेवली. दमलेली माणसं खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली, तोंडं उघडी. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. मागच्या काचेतून राऊळसाहेबांचं डोकं दिसत होतं. ते बसकडे बघत नव्हते. समोरच्या रिकाम्या सीटच्या पाठीकडे बघत, हात मांडीवर ठेवून बसले होते, कुणीतरी नेईल तिकडे जायला तयार असलेल्या माणसासारखे.

शेवटची बस आत आली. वॉचमनने हात केला आणि ऋचाने गाडी अबुधाबीच्या रस्त्याला लावली.